आमच्या बँकेतल्या हॉपरबाई

हॉपरबाई आमच्या बँकेत कधी आल्या नव्हत्या. येण्याचं काही कारणही नव्हतं. त्या अमेरिकेच्या आरमारातल्या, आणि आमची शाखा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या मागे, खाली खताचं दुकान आणि वरच्या मजल्यावर आम्ही. तरीही १९९०च्या सुमारास त्या शाखेत जे यंत्र आलं, त्याच्या पोटात चालणारी भाषा या बाईंच्या खटपटीतून आलेली होती. मला हे पुष्कळ उशिरा कळलं. कळलं तेव्हा मात्र त्यांच्याविषयी जे हाताला लागेल ते वाचत सुटलो.

आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांना ते दिवस आठवत असतील. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि मागोमाग शाखांमधून लेजर पोस्टिंग मशीनं येऊ लागली. युनियनचा विरोध, वाटाघाटी, करार, सगळं झालं. मग आमच्याकडे एक वातानुकूलित खोली बांधली गेली. मॅनेजरच्या केबिनमध्ये पंखा आणि यंत्राला एसी, यावरून बरेच दिवस विनोद चालले. त्या खोलीत चपला काढून जायचं. आत युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा एक डबा आणि त्याला जोडलेले चार हिरव्या अक्षरांचे पडदे. मी बी.कॉम. झालेला, तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आलो आणि एकदम संगणकातला जाणकार ठरलो.

प्रशिक्षणात कोबॉल नावाची भाषा शिकवली. मला धास्ती होती की काही बीजगणितासारखं असेल. पण पडद्यावर चक्क इंग्रजी क्रियापदं: ॲड, सबट्रॅक्ट, मल्टिप्लाय, मूव्ह. शिल्लक घ्या, दरानं गुणा, खात्यात मिळवा. माझ्यासारख्या कारकुनी डोक्याच्या माणसाला ते वाचता येत होतं. हा योगायोग नव्हता. माझ्यासारख्यालाच वाचता यावं म्हणून कुणीतरी भांडून ते तसं करून घेतलं होतं.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६चा, न्यू यॉर्क शहरातला. तीन भावंडांत थोरल्या. वडील विम्याच्या व्यवसायात होते. आजोळचे आजोबा न्यू यॉर्क शहराचे सिव्हिल इंजिनियर. मोजणीला निघाले की लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा बांबू धरायला नातीला बरोबर नेत. आईला गणिताची विलक्षण ओढ, पण तिच्या काळी मुलींनी गणित करणं शोभत नसे. खास परवानगी काढून तिला भूमितीपुरतं शिकू दिलं, बीजगणिताच्या दारात मात्र थांबवलं. ही अर्धवट राहिलेली हौस लेकीत उतरली असं म्हणायला हरकत नाही.

उन्हाळ्यात हे कुटुंब न्यू हॅम्पशायरमध्ये तळ्याकाठच्या घरी जाई. त्या घरात सात गजराची घड्याळं होती. सात वर्षांच्या ग्रेसनं गजर कसा वाजतो ते बघायला एक उघडलं, तर स्प्रिंगा, चाकं सगळी बाहेर आली. ती कशी बसवायची हे बघायला दुसरं उघडलं. असं करत सातही घड्याळं उघडी पडली. आईनं मारलं नाही की ओरडली नाही. यापुढे एकाच घड्याळाशी खेळायचं एवढं ठरवून दिलं. आपल्याकडच्या आया मला यावर काय म्हणतील ते ठाऊक आहे.

वडिलांचं दुखणं मोठं होतं. रक्तवाहिन्यांच्या विकारानं त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. लाकडी पाय लावून, काठ्या टेकत ते कामाला जात. आपण मागे किती ठेवू याचा भरवसा नाही, तेव्हा मुलींनाही मुलाइतकंच शिकवायचं आणि स्वतःच्या पायावर उभं करायचं, असा त्यांचा आग्रह होता.

व्हासार या मुलींच्या नामांकित कॉलेजनं पहिल्या वर्षी प्रवेश नाकारला, कारण लॅटिनमध्ये गुण कमी. पुढच्या वर्षी, १९२४ साली, त्या आत शिरल्या. १९२८मध्ये गणित आणि पदार्थविज्ञानाची पदवी, मग येल विद्यापीठ, १९३४मध्ये गणितातली डॉक्टरेट. मधे १९३० साली व्हिन्सेंट हॉपर या प्राध्यापकांशी लग्न झालं आणि मरेच्या हॉपर झाल्या. १९३१पासून व्हासारमध्येच शिकवू लागल्या, वर्षाला ८०० डॉलरवर. गणिताच्या वर्गात त्या मुलींना निबंध लिहायला लावत आणि त्यातली भाषा तपासत. हा भाषेचा तास नव्हे, अशी मुली कुरकुर करत. बाईंचं म्हणणं, जे दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही ते गणित कळूनही उपयोग नाही. पुढचं सगळं आयुष्य या एका हट्टाभोवती फिरलं आहे.

डिसेंबर १९४१मध्ये अमेरिका युद्धात उतरली. बाईंचे पणजोबा आरमारात ॲडमिरल होते. यांनाही आरमारातच जायचं होतं. पण वय छत्तीस, आणि वजन अवघं ४८ किलो, नियमापेक्षा सुमारे सात किलोनं कमी. शिवाय गणिताचे प्राध्यापक हवे तर वर्गातच हवेत, असं सरकारचं मत. खटपटी करून त्यांनी सूट मिळवली, डिसेंबर १९४३मध्ये राखीव दलात शपथ घेतली आणि प्रशिक्षणात आपल्या तुकडीत पहिल्या आल्या. जुलै १९४४मध्ये लेफ्टनंट म्हणून हार्वर्ड विद्यापीठात नेमणूक झाली. तिथले प्रमुख हॉवर्ड एकेन. त्यांनी स्वागत करण्याऐवजी इतके दिवस कुठे होता म्हणून फटकारलं, यंत्राकडे बोट दाखवलं आणि एका आठवड्यात अमुक गणित करून आणायला सांगितलं.

ते यंत्र म्हणजे मार्क वन. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन पाच टनांच्या घरात, सुटे भाग साडेसात लाख, आत पाचशे मैल तार. एवढा सगळा खटाटोप करून ते सेकंदाला तीन बेरजा करी. आज हसू येईल, पण तेव्हा खोलीभर माणसं बसवून जी गणितं सहा महिने चालत, ती हे न थकता करी. हॉपरबाई त्याच्या तिसऱ्या प्रोग्रॅमर. सोबत रिचर्ड ब्लॉख आणि रॉबर्ट कॅम्पबेल. भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा द्यायच्या. यंत्र चोवीस तास चाले. त्याचं ५६१ पानांचं माहितीपुस्तक एकेननी बाईंकडून लिहून घेतलं. ते १९४६मध्ये प्रसिद्ध झालं.

१९४५मध्ये घटस्फोट झाला. नाव त्यांनी हॉपरच ठेवलं, पुन्हा लग्न केलं नाही.

कीटकाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. सप्टेंबर १९४७मध्ये मार्क टू हे पुढचं यंत्र बंद पडलं. शोधता शोधता एका रिलेत अडकून मेलेला पतंग सापडला. तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवून ठेवला. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तेव्हापासून चुकीला बग म्हणू लागले असं सांगतात, पण ते खरं नाही. एडिसनच्या काळापासून इंजिनियर तो शब्द वापरत होते, म्हणून तर त्या पानावरची नोंद विनोदी ठरते. आणि तो पतंग बाईंनी स्वतः पकडलेला नव्हता. त्यांनी गोष्ट फार सुरेख सांगितली, इतकंच. कादंबरीकार म्हणून मला यात काही गैर वाटत नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्या तिघांच्या वह्यांची गोष्ट. एखादं ठरावीक गणित, समजा ज्या किंवा वर्गमूळ काढायचं, त्याच्या आज्ञा एकदा बरोबर जमल्या की त्या वहीत उतरवून ठेवायच्या. पुढे गरज पडली की दुसऱ्याच्या वहीतून आपल्या कामात उतरवून घ्यायच्या, त्यातले पत्त्यांचे आकडे आपल्या कामाप्रमाणे बदलून. आणि इथेच घोटाळा होई. शिकलेली, हुशार माणसं, पण बेरजेत चुकत आणि नक्कल करताना अक्षरं बदलत. ज्यानं जन्मात कधी एका वहीतून दुसऱ्या वहीत बाकी ओढली आहे, त्याला मी हे अधिक सांगायला नको. बाईंच्या मनात आलं, बेरीज आणि नक्कल ही तर यंत्राची कामं. मग ती माणसानं का करायची?

हार्वर्डमध्ये बाईमाणसाला कायमची जागा नव्हती. १९४९ साली त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. हा त्यांच्या आयुष्यातला काळा काळ. युद्धातल्या जागरणांपासून दारू जवळची झाली होती, ती आता हाताबाहेर गेली. एडमंड बर्कली हे त्यांचे हार्वर्डचे सहकारी. त्यांनी न लपवता, स्पष्ट शब्दांत पत्र लिहून त्यांना सावध केलं. या भागाचा उल्लेख गौरवलेखांतून सहसा नसतो. मला तो वगळावासा वाटत नाही, कारण पुढची दोन-तीन वर्षं त्या ज्या कामात गढून गेल्या ते याच पडझडीतून उठून केलेलं आहे.

१९५१-५२मध्ये त्यांनी वह्यांतली सगळी तयार गणितं चुंबकीय फितीवर साठवली आणि प्रत्येकाला एक संकेत दिला. माणसानं फक्त संकेत लिहायचे. यंत्रानं फितीवरून ती ती गणितं शोधायची, पत्ते बदलायचे, जोडायची आणि पूर्ण कार्यक्रम बांधून द्यायचा. या बांधणाऱ्या कार्यक्रमाला त्यांनी कंपायलर म्हटलं, म्हणजे संकलन करणारा. १९५२मध्ये त्यावर निबंध वाचला. लोकांना ते पटलं नाही. संगणक आकडेमोड करतो, कार्यक्रम लिहीत नाही, हे ठरलेलं होतं. चालू कंपायलर हातात असून कुणी हात लावायला तयार नाही, असे दिवस त्यांनी काढले.

पुढची पायरी त्याहून धाडसाची. गणितज्ञांना चिन्हं आवडतात, पण पगारपत्रक आणि मालाचा साठा सांभाळणाऱ्यांना साधे शब्द हवेत, तेव्हा यंत्राला शब्दांतच सांगता यावं, असा प्रस्ताव त्यांनी कंपनीपुढे ठेवला. नमुना म्हणून इंग्रजी आज्ञांचा छोटा कार्यक्रम चालवून दाखवला. मग तोच फ्रेंच आणि जर्मन शब्दांत चालवला, कारण यंत्राच्या लेखी सगळे शब्द सारखेच. वरिष्ठ हबकले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच, जर्मन कसं कळेल? प्रस्तावच रखडला. इंग्रजीखेरीज काही करणार नाही असं समजावता समजावता बाईंच्या नाकी नऊ आले. त्या बैठकीत मराठी दाखवलं असतं तर काय झालं असतं, असा विचार मनात येतोच.

त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा झाली. पण प्रत्येक कंपनीचं यंत्र निराळं, भाषा निराळी. यंत्र बदललं की सगळे कार्यक्रम पुन्हा लिहायचे. मे १९५९मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं पेंटॅगॉनमध्ये बैठक बोलावली आणि सर्व यंत्रांवर चालेल अशी व्यवहाराची एकच भाषा करायचं ठरलं. तीच कोबॉल. इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. कोबॉल हॉपरबाईंनी एकट्यांनी लिहिली असं छापून येतं, ते बरोबर नाही. त्या सल्लागार होत्या; प्रत्यक्ष मसुदा समितीनं केला, त्यात जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी या दोन बायकाही होत्या. पण सांगाडा बराचसा फ्लो-मॅटिकचा. समितीचं काम इतकं रेंगाळलं, की हॉवर्ड ब्रॉमबर्ग या सदस्यानं वैतागून कोबॉलच्या नावाची एक खरीखुरी थडग्याची शिळा विकत घेऊन पेंटॅगॉनमधल्या प्रमुखांकडे पाठवून दिली. भाषा मेली नाही. डिसेंबर १९६०मध्ये एकच कोबॉल कार्यक्रम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन निराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, जवळजवळ काही न बदलता चालून दाखवला गेला.

त्या जवळजवळ या शब्दाशी माझी गाठ १९९५च्या मार्चमध्ये पडली.

सेव्हिंग्ज खात्यांवर सहामाही व्याज लावायचं होतं. तेव्हा व्याजाचा दर रिझर्व्ह बँक ठरवी, आणि १ नोव्हेंबर १९९४पासून तो पाच टक्क्यांवरून साडेचार झाला होता. त्यासाठी मुख्य कचेरीकडून नवा कार्यक्रम फितीवर आला, मूळ कोबॉल मजकुराच्या रूपात. तो आपापल्या शाखेच्या यंत्रावर बांधून घ्यायचा होता. वरच्यांकडे नवं युनिक्स, आमच्याकडे पाच-सहा वर्षांचं जुनं. आधी एक सेटिंगची फाईल भरायची: कंपायलर कुठे आहे, जोडायच्या फाइली कुठे शोधायच्या, तयार झालेला कार्यक्रम कुठे ठेवायचा, पडदे किती. मी दोन संध्याकाळी बसून ती भरली, आज्ञा दिली आणि चहाला गेलो. परत आलो तर एकही चूक न दाखवता सगळं बांधून तयार. मी स्वतःवर खूष.

चाचणीची यादी छापली. आमचे हेडक्लार्क, सगळी शाखा त्यांना अण्णा म्हणे, यंत्राच्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. त्यांनी यादी मागवली, दहा खाती निवडली आणि पेन्सिलनं हिशेब केला. संध्याकाळी मला बोलावलं. एका पेन्शनर बाईंच्या खात्यावर सहाही महिने किमान शिल्लक बारा हजार. ऑक्टोबरचे पाच टक्क्यांनी पन्नास, पुढच्या पाच महिन्यांचे साडेचारनं दोनशे पंचवीस, मिळून पावणेतीनशे. यंत्र म्हणत होतं तीनशे. दहाही खात्यांत तीच तऱ्हा. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. शाखेत काही हजार सेव्हिंग्ज खाती. व्याज जमा होऊन पासबुकं भरली असती, तर ज्यादा पैसे परत कुणाकडून मागायचे होते? आणि बांधणीच्या कागदावर सही माझी.

रात्री अकरापर्यंत मी दर शोधत होतो. मजकुरात साडेचार होते, यंत्र पाच लावत होतं. कारण सापडलं ते असं. त्या जुन्या युनिक्सला फाईलच्या नावाची पहिली चौदाच अक्षरं कळत. पुढची अक्षरं ते गुमान टाकून देई, तक्रार न करता. फितीवर दरांच्या दोन फाइली होत्या, एक जुनी, एक नवी; नावं सारखी, फक्त शेवटी सालाचे आकडे निराळे. ते आकडे पंधराव्या नि सोळाव्या जागी. नव्या युनिक्सवर त्या दोन फाइली, आमच्याकडे एकच. फितीवर जुनी मागे होती, ती उतरताना नव्या फाईलवर बसली. कंपायलरनं नवी मागितली, यंत्रानं चौदा अक्षरं जुळवून जुनी दिली, आणि दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

नावं आखूड केली, मजकुरातही बदलली, पुन्हा बांधलं. यादीत पावणेतीनशे आले तेव्हा पहाट होत आली होती. अण्णांनी सकाळी तीच दहा खाती पुन्हा तपासली.

पुढे हॉपरबाईंविषयी वाचताना लक्षात आलं, त्यांच्या उत्तरायुष्याचं काम नेमकं याच जागेवरचं होतं. १९६६च्या अखेरीस, साठाव्या वर्षी आरमारानं त्यांना निवृत्त केलं. तो आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा दिवस होता असं त्या सांगत. सात महिन्यांनी आरमाराचा निरोप आला: कोबॉलचा पार गोंधळ झालाय, सहा महिन्यांसाठी या. भाषा एक असूनही प्रत्येक कंपनीचा कंपायलर आपापल्या परीनं तिचा अर्थ लावत होता. बाईंनी तपासणीचे कार्यक्रम बनवून घेतले; कंपायलर खरोखर कोबॉल जाणतो की जाणतो असं म्हणतो, हे ते दाखवून देत. अण्णांची दहा खातीच म्हणा. ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले.

या काळातल्या हॉपरबाई दंतकथा झाल्या. पेंटॅगॉनमधल्या खोलीत भिंतीवर उलट्या दिशेनं फिरणारं घड्याळ; नेहमी असंच केलं जातं म्हणणाऱ्याला ते दाखवायचं. टेबलावर चाच्यांचा कवटीचा झेंडा. भाषणाला जाताना जवळपास फूटभर लांबीच्या तारांचे तुकडे नेत आणि वाटत: सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शात वीज यापुढे जाऊ शकत नाही, उपग्रहावरून निरोप यायला वेळ का लागतो ते यावरून समजून घ्या. १९६९ साली एका अमेरिकन संगणक संघटनेनं आपला पहिला पुरस्कार त्यांना दिला. पुरस्काराचं नाव होतं मॅन ऑफ द इयर. १९८३मध्ये कमोडोर, १९८५मध्ये तेच पद रिअर ॲडमिरल म्हणून.

१४ ऑगस्ट १९८६ला, एकोणऐंशीव्या वर्षी, बॉस्टन बंदरात कॉन्स्टिट्यूशन या अठराव्या शतकातल्या शिडाच्या युद्धनौकेवर निरोप समारंभ झाला. बाई घरी बसल्या नाहीत. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. युनिक्स १९६९ साली जन्मलं ते याच कंपनीच्या एका यंत्रावर. १ जानेवारी १९९२ला झोपेतच त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांची समाधी आहे. पुढे त्यांच्या नावाची युद्धनौका झाली, २०१६मध्ये मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं, आणि २०१७मध्ये येलनं एका कॉलेजला त्यांचं नाव दिलं.

त्यांच्या मृत्यूनंतर बरोबर आठ वर्षांनी, १ जानेवारी २०००च्या पहाटे, मी त्याच एसी खोलीत बसून होतो. सालाचे दोनच आकडे लिहिण्याच्या जुन्या सवयीमुळे जगभरचे कोबॉल कार्यक्रम कोलमडतील अशी हाकाटी होती. आमचं यंत्र कोलमडलं नाही. पुढच्याच वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. काही वर्षांनी सगळ्या शाखा एका मध्यवर्ती संगणकाला जोडल्या गेल्या आणि तो डबा भंगारात गेला.

अण्णा १९९८ला निवृत्त झाले. तोवर प्रत्येक सहामाहीला ते दहा खाती काढत आणि पेन्सिलनं व्याज करत. कुठली दहा, ते मला आधी कधी कळू देत नसत.